सुगंधामावशी आणि वरची तीन माणसं

सुगंधामावशीला आडून बोलणं जमायचं नाही. मुलुंडला आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा दाराशी चप्पल काढता काढताच तिने आईला विचारलं, "पोट साफ कधी झाला होता?"

आई गोंधळली. "माझं?"

"तुमचा नाय वैनी. मास्तरांचा."

मास्तर म्हणजे माझे बाबा, काशीराम खवणेकर. म्युनिसिपालिटीच्या शाळेत कवायत आणि व्यायाम शिकवायचे. सहा फुटांचा माणूस, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या पोराचा शर्टसुद्धा आपोआप आत जायचा. त्र्याऐंशीच्या जानेवारीत मुलांना मल्लखांबावरची उडी करून दाखवताना ते पाठीवर पडले. मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं अंग गेलं. हॉस्पिटलमधून त्यांना घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं, आता घरी करणारं कोणीतरी ठेवा, हे तुम्हाला एकटीला झेपणार नाही. तेव्हा ही आली.

ती कुडाळकडची. नवरा लवू परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. गिरण्यांचा संप लांबला तसा तो दोन्ही मुलींना घेऊन गावी गेला, शेतात राबायला लागला. मावशी मात्र मागे राहिली. भांडुपला बहिणीच्या खोलीत झोपायची आणि एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून काम करायची. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने तिला सगळं शिकवलं होतं. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, नळी कशी धुवायची. हळूहळू ती घरोघरच्या पेशंटकडे जायला लागली.

बाबांना लघवीसाठी रबरी नळी लावलेली होती. नळीला चिमटा आणि खाली पिशवी. डॉक्टरांचं सांगणं होतं की चिमटा सतत उघडा ठेवायचा नाही, दर काही तासांनी घड्याळ बघून उघडायचा, म्हणजे मूत्राशयाला सवय राहील. आणि पाणी भरपूर प्यायचं. पोट साफ करायचं काम मावशी एक दिवसाआड करायची, हातात मोजे घालून, दार लावून. त्यावेळी आई आणि मी स्वयंपाकघरात जायचो आणि नळ सोडून ठेवायचो.

बाबांनी याच्यावर एक उपाय काढला. पाणी प्यायचंच नाही. जेवणही चिमणीसारखं. जितकं आत कमी जाईल तितकं बाहेर काढायला दुसऱ्याचा हात कमी लागेल, असा हिशेब. कोणी भेटायला आलं तर पिशवीवर चादर ओढून भिंतीकडे तोंड करायचे. मग कोणी यायचंही बंद झालं. दोनदा ताप भरला, लघवीत जंतू झाले. डॉक्टर रागावले. आई रडली. मावशीने वाटीवाटीने पाणी पाजायचा प्रयत्न केला, तर बाबांनी वाटी हाताने उडवून लावली. तिने गुपचूप जमीन पुसली आणि म्हणाली, "मास्तरानू, माका तुमच्या अंगाची किळस येणा नाय. तुमकाच येता."

असं जवळजवळ वर्ष गेलं.

मग चौऱ्याऐंशीचा एप्रिल आला आणि आपला माणूस अंतराळात गेला. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. टीव्हीवर दाखवणार म्हणून तळमजल्यावरचा अंबादास आणि त्याचा भाऊ धाकू, दोघंही आमच्याकडे आले होते, कारण त्यांच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मावशी त्यांच्या पायांना तेल लावत बसली होती, पण नजर टीव्हीवर. चित्र हलत होतं, आवाज खरखरत होता. तिथे ती माणसं एका अरुंद बोळासारख्या जागेत तरंगत होती. एकाने हातातली वस्तू सोडली, ती तिथेच राहिली.

आणि मावशी म्हणाली, "आणि तो जाता खंय?"

"कुठे जातो म्हणजे?" अंबादास म्हणाला. "पृथ्वीभोवती फिरतोय."

"ता माका कळला. संडासाक खंय जाता?"

अंबादास आणि धाकू असे हसले की खुर्ची मागे सरकली. आईने "अगं सुगंधा!" म्हणून कपाळाला हात लावला. मलाही हसू आलं. कॉलेजात सायन्सला होते मी, पण खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असं सुचलंही नव्हतं.

मावशी अजिबात ओशाळली नाही. "हसतात कित्याक? आठ दिवस ऱ्हवाचो आसा ना थंय? जेवताना दाखवल्यानी. मग?"

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "बरोबर विचारतायत त्या."

आम्ही वळून बघितलं. बाबांनी मान फिरवली होती. कित्येक महिन्यांत त्यांनी आपण होऊन काही म्हटलेलं नव्हतं. ते टीव्हीकडे बघत होते, त्या तरंगणाऱ्या पायांकडे. पाय कशालाच टेकलेले नव्हते, नुसते मागे लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "राधा, तुझ्या कॉलेजात कोणाला माहीत असेल?" मी दोन प्रोफेसरांना विचारलं. एकाने विषय बदलला, दुसरा म्हणाला, असेल काहीतरी सोय. मग आपला माणूस खाली उतरला त्यानंतरच्या रविवारी मुलुंड पूर्वेला एका हॉलमध्ये अंतराळावर व्याख्यान होतं, स्लाइड दाखवणार होते, त्याचा कागद रेशनच्या दुकानाबाहेर चिकटवलेला मी पाहिला. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सुगंधाबाईंना घेऊन जा. त्याच विचारतील. तू लाजशील."

व्याख्यान धुरी सरांचं होतं. कॉलेजातून रिटायर झालेले, जाड चष्म्याचे, किरकोळ अंगाचे. हॉल भरला होता. रॉकेट, यान, निळी पृथ्वी, सगळ्या स्लाइड झाल्या. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. एकाने वेग विचारला, एकाने इंधन विचारलं. मग मावशी उभी राहिली. नऊवारी, केसात अबोलीचा वळेसर, हातात कापडी पिशवी.

"सर, ते थंय संडास-लघवीक कशी जातंत?"

हॉलभर हशा. मागून कोणी शिट्टीही मारली. मी खाली मान घातली. धुरी सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हशा थांबेपर्यंत थांबले. मग मालवणीत म्हणाले, "बाय, खंयची गो तू?"

"कुडाळची."

"मी वेंगुर्ल्याचो." मग सगळ्यांकडे वळून मराठीत म्हणाले, "हा प्रश्न मला आज पहिल्यांदा कोणी विचारला. ज्यांनी ही यानं बांधली त्यांना या प्रश्नाने अक्षरशः घाम फोडलाय. बसा, सांगतो. घाई असेल त्यांनी जावं." कोणी गेलं नाही.

ते म्हणाले, पहिला अमेरिकन वर गेला तो जेमतेम पाव तासासाठी, म्हणून त्याची काही सोयच केली नव्हती. पण रॉकेटला उशीर झाला. तो पोशाख घालून, पट्ट्यांनी बांधलेला, उताणा, कित्येक तास तसाच. शेवटी त्याला आवरेना. त्याने विचारलं, काय करू? बाहेर काढणं शक्य नव्हतं. त्याने पोशाखातच केली. आणि तसाच वर गेला. त्यांच्या देशाचा पहिला अंतराळवीर.

आता कोणी हसत नव्हतं.

"आपल्याला वाटतं, हे काम आपण करतो," सर म्हणाले. "अर्धं काम पृथ्वी करते. ती खाली ओढते म्हणून पडतं. तिथे खाली नाहीच. काही पडत नाही. जे अंगातून निघेल ते अंगालाच चिकटून राहतं, नाहीतर खोलीभर तरंगतं." चंद्रावर गेलेल्यांनी काय केलं ते त्यांनी सांगितलं. एक प्लास्टिकची पिशवी, तिच्या कडेला चिकटपट्टी, ती अंगाला लावायची. पिशवीलाच बोटासाठी एक मोजा शिवलेला, कारण पडत नाही म्हटल्यावर बोटानेच दूर करायला हवं. मग आत औषध टाकून, तोंड बंद करून, हातांनी मळायचं. सगळ्याला पाऊण-एक तास लागायचा. यानात तीन माणसं, एकाच खोलीत, पडदा नाही. त्यातला एक हे करत असायचा तेव्हा बाकीचे दोघे खिडकीतून बाहेर बघायचे.

मावशीने माझा हात घट्ट धरला होता.

आता आपला माणूस राहून आला त्या रशियन अंतराळ स्थानकात बरं आहे, सर म्हणाले. नळी आहे, नळीला फनेल, आणि पंख्याने हवा आत ओढली जाते. पृथ्वीचं काम वाऱ्याला दिलंय. पण आणखी एक अडचण आहे. "इथे लघवी पोटातल्या पिशवीच्या तळाशी साठते, तिथे दाब येतो, आपल्याला कळतं. तिथे तळच नाही. त्यामुळे भरत आली तरी माणसाला कळत नाही. कळतं ते अगदी शेवटी, तडस लागते तेव्हा. म्हणून त्यांना शिकवलेलं असतं, लागली नसली तरी घड्याळ बघून जायचं."

"घड्याळ बघून?" मावशी बसल्या जागेवरून म्हणाली.

"घड्याळ बघून."

"आणि मग ता टाकतंत खंय?"

धुरी सर हळू आवाजात म्हणाले, अमेरिकन यानांतून ती बाहेर सोडायचे. बाहेर इतकी थंडी की क्षणात गोठायची, आणि तिचे हजारो बारीक कण यानाभोवती पसरायचे. सूर्य मावळायच्या वेळी त्यांच्यावर ऊन पडायचं आणि सगळे कण चमकायला लागायचे. तारे कुठले आणि हे कण कुठले, ओळखता यायचं नाही. "वर जाऊन आलेल्या काहींनी सांगितलंय, इतकं सुंदर दुसरं काही पाहिलं नाही म्हणून."



घरी येताना फाटकाजवळ मालगाडी जाईपर्यंत थांबलो तेव्हा मावशी म्हणाली, "बाय, येवडी मोठी माणसा, येवडी यंत्रा, चंद्रार पाय ठेवल्यानी. आणि कोणीतरी बसान त्या पिशवीक बोट शिवल्यान. माझ्यासारख्याच कोणीतरी." आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कोणाचा हात आहे.

तिने बाबांना सगळं सांगितलं, पलंगाशेजारी स्टुलावर बसून, एक शब्दही न गाळता. मी आणि आई पडद्याच्या अलीकडे. पहिल्या अमेरिकनाचं ऐकून बाबा म्हणाले, "भिजलेल्या कपड्यात?" मग पिशवीचं, बोटाचं. मग ती म्हणाली, "आणि मास्तर, तेंकाय कळणा नाय. भरला तरी कळणा नाय. घड्याळ बघून करतंत."

मला वाटलं आता ते पाणी मागतील. तसं काही झालं नाही. ते चिडले.

"मला लहान मूल समजू नका. तो आठ दिवसांनी खाली आला. घरी गेला, आपल्या पायांनी गेला संडासात. मी कुठे जाणार?"

दुसरं कोणी असतं तर बोललं असतं, असं नका म्हणू, तुम्ही पण बरे व्हाल. मावशी म्हणाली, "होय. तो इलो. तुमी येवचे नाय. डॉक्टरांनी सांगितला तसाच ऱ्हवतला ह्या." आईने तोंडाला पदर लावला. "पण थंय आणखी तीन जण आसत. ते खंय इले? धुरी सरांनी सांगितला. आपलो माणूस पावण्यासारखो गेलो आणि परत इलो. ते तीन फेब्रुवारीपासून थंयच आसत. कधी येतले कोणाक ठावक नाय."

"तीन?"

"तीन. एक डॉक्टर आसा तेंच्यात."

बाबा छताकडे बघत होते. पंखा फिरत होता. मग म्हणाले, "म्हणजे आत्ता, या वेळेला, ते वरच आहेत."

"वरच."

त्या संध्याकाळी ते एवढंच बोलले. सकाळी मावशी आली, चिमटा उघडायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "आधी पाणी द्या," म्हणाले. तांब्याभर प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होते. मावशीने तांब्या घेतला, बाहेर आली, मोरीत ठेवला आणि नळ सोडून तिथेच उभी राहिली. डोळे पुसत होती.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात अंतराळ शिरलं. बाबांनी पलंगासमोर भिंतीवरचं घड्याळ लावून घेतलं आणि आपणच हाक मारायला लागले. "सुगंधाबाई, टाइम!" मैदानावरचा तोच आवाज. शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जायचा. आई आधी शरमायची, मग सवय झाली. मे महिन्यात धुरी सर स्वतः घरी आले. मावशीनेच त्यांना बाजारात गाठलं होतं आणि सांगितलं होतं, आमचे मास्तर तुमका बोलवतंत. दोघांची इतकी गट्टी जमली की ते दर आठवड्याला यायला लागले, हातात रशियन मासिकं, त्यातल्या चित्रांवर बोट ठेवून समजवायचे.

बाबांना एक गोष्ट विशेष वाटली. सर म्हणाले, वर पायांना काम नसतं, म्हणून पाय बारीक होतात. महिनोन्‌महिने राहिलेली माणसं खाली आली की उभी राहू शकत नाहीत. म्हणून रोज दोन-अडीच तास व्यायाम, अंगाला रबरी पट्टे बांधून, धावायच्या पट्ट्यावर.

"कवायत!" बाबा म्हणाले. "वर कवायत आहे?"

"रोज. चुकवायची नाही."

मग बाबांनी धाकूला सांगून पलंगाच्या वरच्या तुळईला सायकलच्या ट्यूबा बांधून घेतल्या. हातांनी ओढायच्या. दंड पुन्हा भरायला लागले. पायांचा व्यायाम मावशी करून घ्यायची, गुडघा वाकव, सरळ कर, आणि बाबा पायांकडे बघत आकडे मोजायचे, जसे वर्गातल्या मुलांचे मोजायचे.

जुलैत धुरी सर सांगत आले, स्थानकात एक बाई पाहुणी आलीय, यानातून बाहेरही पडली, पोशाख घालून मोकळ्या आभाळात. तेव्हा पहिला प्रश्न माझ्या आईने विचारला. माझी आई, रुक्मिणी, जी परक्या पुरुषासमोर मान वर करत नसे. चहाचा कप सरांच्या हातात देता देता म्हणाली, "मग बाईमाणसाची सोय?" म्हणाली आणि लाल झाली. सर म्हणाले, "वहिनी, फनेल वेगळं असतं. आकार वेगळा. त्यासाठीही कोणीतरी बसून विचार केलाय." आई स्वयंपाकघरात गेली. मागून मी गेले तर ओट्याला टेकून उभी. "राधा," म्हणाली, "बाहेर नुसतं काळं असेल ना गं? आणि ती एकटी."

सगळंच सुरळीत होतं असं नाही. ऑगस्टमध्ये बाबांना पुन्हा जोराचा ताप भरला. नळी बंद झाली होती, बदलावी लागली, रक्त आलं. चार दिवस ते बरळत होते. मावशी त्या दिवसांत भांडुपला गेलीच नाही, आमच्याच घरी राहिली. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं विचारलं, "ते तिघं आहेत का?"

"आसत," मावशी म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात ना पेपर कोणी वाचला होता ना धुरी सर आले होते. "आसत, मास्तर. गप पडून ऱ्हवा."

गणपती गेले, नवरात्र बसलं. गांधी जयंतीनंतर एकदोन दिवसांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तिघंही उतरले. एवढे दिवस आजवर कोणी वर राहिलं नव्हतं. उतरल्यावर त्यांना उभं राहता येत नव्हतं, यानातून उचलून खुर्च्यांवर बसवून नेलं. बाबांनी त्या चार ओळी वाचल्या, पेपर छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. जेवले नाहीत. वेळेची हाक मारली नाही. मावशीने चिमटा आपणच उघडला. मला भीती वाटली, आता पुन्हा भिंतीकडे तोंड. आई मला खुणेने म्हणाली, धुरी सरांना बोलाव.

संध्याकाळी मी निघाले तर बाबांनी विचारलं, "कुठे निघालीस?"

"धुरी सरांकडे."

"नको. खाली जा. अंबादासला विचार, त्यांच्याकडची वेताची खुर्ची आहे ती मजबूत आहे का."

"कशाला?"

"उद्या दसरा आहे. मला खाली जायचंय." आणि मावशीकडे बघून म्हणाले, "त्यांनापण खुर्चीतूनच नेलं."

घरी आल्यापासून ते उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. उचलून नेताना लोक बघतील म्हणून डॉक्टरांकडे जायलाही नकार द्यायचे, डॉक्टरच यायचे. आता अंबादास आणि धाकू दोन बाजूंनी, मधे खुर्ची, खुर्चीत छातीला पंच्याने बांधलेले बाबा. पांढरा शर्ट आईने इस्त्री केला होता. मावशी पुढे, जिन्यावरून उलटी उतरत, त्यांचे पाय हातात धरून. "हळू रे, कोपरो लागतलो. धाकू, वाकडो होव नको." दुसऱ्या मजल्यावरून खाली यायला किती वेळ लागला देव जाणे. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती.

खाली आवारात खुर्ची ठेवली. पिशवी खुर्चीच्या दांड्याला अडकवली होती. मावशी ती झाकायला टॉवेल घेऊन पुढे झाली तर बाबा म्हणाले, "राहू दे. दिसू दे."

पहिली दोन मिनिटं अवघड गेली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाई, ऐंशीच्या पुढच्या, आपट्याची पानं घेऊन काठी टेकत आल्या. "सोनं घ्या मास्तर." त्यांच्या मागून सगळी बिल्डिंग. बाबांच्या मांडीवर पानांचा ढीग झाला. शाळेतली त्यांची जुनी मुलं, आता मिशा फुटलेली, बातमी कळून आली आणि समोर सावधानमध्ये उभी राहिली. बाबा म्हणाले, "आराम." मग एका लहान मुलीने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? तिची आई तिला ओढायला लागली. बाबांनी मुलीला जवळ बोलावलं आणि सांगायला सुरुवात केली. वर खाली नसतं, काही पडत नाही, कळत नाही, घड्याळ बघून करावं लागतं. आणि मग बाहेर सोडलं की गोठून त्याच्या हजार चांदण्या होतात. आवारातले सगळे ऐकत उभे राहिले. आपट्याची पानं हातात तशीच. मी मावशीकडे बघितलं. ती बाबांच्या खुर्चीमागे उभी होती आणि ओठ हलवत होती, त्यांच्याबरोबर तेच शब्द.

बाबा पुढे पाच वर्षं जगले. शाळेने त्यांना पुन्हा बोलावलं नाही, पण दर रविवारी सकाळी आवारात खुर्चीतून ते बिल्डिंगमधल्या पोरांची कवायत घ्यायचे. शेवटपर्यंत मावशीच होती. त्यांची शेवटची आंघोळ तिने घातली, नळी तिने काढली, आणि आम्हाला म्हणाली, आता बघा हवा तर, चेहरो कसो शांत आसा.

बाबा असतानाच, त्या दसऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात, ती गावी गेली होती, लवूकडे, महिनाभर. परत आली तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. एका संध्याकाळी दिवेलागण झाल्यावर ती आणि लवू खळ्यात बसली होती. पश्चिमेकडून एक तारा निघाला आणि सावकाश चालायला लागला. लवू म्हणाला, विमान आहे. ती म्हणाली, विमानाचे दिवे लुकलुकतात, हा बघ, डोळा मिटत नाही. आवाजही नाही. माडांच्या शेंड्यांवरून तो वर चढला, अगदी डोक्यावर आला, आणि अर्ध्या आभाळात येऊन विझला.

लवू घाबरून उभा राहिला. "पडलो की काय?"

"नाय," ती म्हणाली. "पडणा नाय ता. सावलीत गेला." धुरी सरांनी तिला हे कधीतरी सांगितलं होतं, पृथ्वीची सावली किती उंच जाते ते.

मी नंतर सरांना विचारलं, तेच स्थानक असेल का? सर म्हणाले, सांगता येत नाही, आभाळात बरंच काही फिरतंय. आणि असलं तरी तेव्हा ते रिकामं होतं. मी हे मावशीला सांगितलं. ती स्टोव्हवरचं पाणी उतरवत होती, बाबांच्या अंघोळीचं.

"माका ठावक होता रिकामा आसा म्हणान," ती म्हणाली. "तरी मी हात जोडलंय. लवूनपण जोडल्यान."

आणि बादली उचलून बाबांच्या खोलीत गेली.